डबकं न दिसणारी गळती

दर महिन्या-दोन महिन्यांनी इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलेली असते. गाडीखाली डाग नाही, तापमानाचा काटा जागेवर, गाडी गरम होत नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर ‘उडतं थोडंफार’ असं उत्तर मिळतं. थोडंफार खरंच उडतं, कारण काही गाड्यांत बाटली हवेला उघडी असते आणि वर्षभरात बोटभर पातळी उतरू शकते. पण महिन्याला पेलाभर कूलंट आपोआप उडत नाही. ते कुठून तरी बाहेर जात असतं, आणि नेमकं आपण बघत नसताना जात असतं.

म्हणून सुरुवात शोधण्यापासून नव्हे, मोजण्यापासून करावी. लहान गाडीत साधारण ४ ते ६ लिटर कूलंट असतं. तापल्यावर ते फुगतं: ५ लिटरमागे जवळजवळ २०० मिली. त्यामुळे संध्याकाळी गरम गाडीत पाहिलेली पातळी आणि सकाळी थंड गाडीत पाहिलेली पातळी यांची तुलनाच होत नाही. रात्रभर सपाट जागेवर उभी असलेली गाडी घ्यावी, बाटलीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावावी, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहावेत. पुढे प्रत्येक वेळी मापाच्या भांड्यानेच भरावं. १००० किलोमीटरला ५० मिली की ३०० मिली, यावरून निम्मा तपास होतो. घाटात किंवा महामार्गावर जास्त आणि शहरात जवळजवळ शून्य अशी नोंद आली, तर गळती दाबाला बांधलेली आहे.

दाबाची गोष्ट समजली की डबकं का दिसत नाही हेही समजतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटरचं झाकण आत सुमारे १ बारचा जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. तेवढी सवलत हातात असल्यामुळेच इंजिन निर्धास्तपणे ९०–१०० अंशांवर चालतं. पण हाच दाब होजच्या, म्हणजे कूलंट वाहणाऱ्या रबरी नळीच्या, केसाएवढ्या चिरेतून थेंब बाहेर ढकलतो. तो थेंब तापलेल्या इंजिनावर पडतो, पाणी उडून जातं आणि मिठागरात मीठ उरावं तसे कूलंटमधले क्षार आणि रंग मागे उरतात. गाडी थांबून थंड झाली की दाब उतरतो आणि चीर मिटते. सकाळी खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडाच राहतो. म्हणून ओल शोधू नये, वाळलेला थर शोधावा: गुलाबी, हिरवट किंवा पांढरी पापडी, होजच्या टोकाशी, जोडाच्या कडेला, खाली ओघळ सुटलेली.

डाव्या बाजूला, पुढच्या चाकामागे पडणारं स्वच्छ पाणी मात्र एसीचं असतं. त्याला रंग, वास, चिकटपणा काहीच नसतो. कूलंट बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चव घेऊन खात्री करण्याचा आगाऊपणा कोणी करू नये, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

सगळ्यात आधी झाकण तपासावं, कारण सगळ्यात स्वस्त भाग तोच. इंजिन पूर्ण थंड असतानाच ते उघडायचं. गरम असताना झाकण सैल केलं की दाब एकदम पडतो, शंभरीपार गेलेलं पाणी क्षणात उकळतं आणि चेहऱ्यावर येतं. झाकणात दोन झडपा असतात. एक ठरलेल्या दाबाला उघडून जादा कूलंट बाटलीत सोडते. दुसरी इंजिन थंड होताना तेच परत आत खेचू देते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो त्याचा दाब. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, तर वाफ कमी दाबालाच निसटते. रेडिएटरवर वेगळं झाकण आणि शेजारी साधी बाटली अशी रचना असलेल्या गाड्यांत आणखी एक फसगत होते. बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकलेली असेल, तर थंड होताना इंजिन कूलंटऐवजी हवा ओढतं. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. थंड असताना झाकण उघडल्यावर कूलंट गळ्यापर्यंत दिसलंच पाहिजे. बाटलीवर विश्वास ठेवून बसणारे इथेच फसतात.

झाकण ठीक असेल तर प्रेशर टेस्टर. हा सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, त्यावर दाबाचा काटा असतो. झाकणाच्या जागी बसवून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा: १.१ बार म्हणजे साधारण १६ पीएसआय. त्याहून जास्त भरलं तर शाबूत भागही फोडाल. १५-२० मिनिटं काटा बघायचा. कोमट इंजिनावर ही चाचणी करू नये. थंड होताना दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. काटा पडला पण थेंब दिसला नाही, तर टॉर्च आणि लहान आरसा घेऊन खालून, मागून, प्रत्येक जोड पाहावा. थंड इंजिनावर काही सापडलं नाही तर इंजिन चालू तापमानाला आणून पुन्हा पाहावं. काही चिरा धातू फुगल्यावरच उघडतात. उलट काही जोड गारठ्यातच ठिबकतात, कारण आखडलेलं रबर क्लिपखाली सैल पडतं; निफाडकडच्या डिसेंबरच्या पहाटे ठिबकणारा जोड दुपारी ठणठणीत कोरडा असू शकतो. तरीही हाती लागलं नाही तर कूलंटमध्ये चकाकणारा रंग मिसळून आठवडाभर गाडी चालवावी आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारावा. गळतीची जागा पिवळी-हिरवी उजळते.

बहुतेक वेळा दोषी ठरतात ते होज. होज बाहेरून नवा दिसतो आणि आतून टोकांजवळ लांबट चिरा पडलेल्या असतात, म्हणून मधे दाबून काही कळत नाही. टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर चिमटीत दाबावा. तिथे मधल्यापेक्षा मऊ किंवा करकरीत लागला तर बदलावा. त्यानंतर रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला मुडपून बसवलेली असते तो जोड. मग थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं, प्लास्टिकचं कवच.

वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, थोडी वेगळी. तिच्या शाफ्टवर सील असतं आणि सीलमागे मुद्दाम एक छिद्र ठेवलेलं असतं, सील गेल्याची वर्दी देण्यासाठी. छिद्राभोवती हलका सुका डाग चालतो, ओघळ चालत नाही. ते छिद्र बुजवणं म्हणजे कूलंट बेअरिंगमध्ये पाठवणं. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि पंप एकत्रच बदलावेत; मजुरी दोन्हींची तीच आहे आणि कूलंटने भिजलेला बेल्ट भरवशाचा नसतो.

डॅशबोर्डखालचा गालिचा चिकट ओला, काचेच्या आतून तेलकट धुकं, गोड वास: गळतेय ती हीटर कॉइल, गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर. मुंबई-कोकणात हीटर लागतोच कुठे, म्हणून तिच्या दोन्ही नळ्या बुजवून मोकळे होणारे असतात. काही इंजिनांत तोच मार्ग थर्मोस्टॅट बंद असतानाच्या फेऱ्यासाठी वापरलेला असतो. तात्पुरतं करायचंच तर दोन्ही टोकं एका होजने जोडावीत, बुजवू नयेत.

बाहेर कुठेच काही नसेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय. थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या वायूचा आहे. गॅरेजमध्ये निळ्या द्रावाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. पेट्रोल इंजिनाचा ज्वलनवायू त्यातून गेला की द्राव पिवळा होतो. तेलाच्या झाकणाखाली थोडी दुधट साय दिसली म्हणून लगेच हेड उघडू नये, रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांकडे ती नुसती दमटपणाची खूण असते. तेल मोजायच्या डिपस्टिकवरही तसंच दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नये.

काटा वर जाईपर्यंत थांबू असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की अनेक गाड्यांत काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. शिवाय पातळी इतकी उतरली की सेन्सर कूलंटऐवजी हवेत लटकतो, तेव्हा इंजिन भाजत असताना तो कमी तापमान दाखवू शकतो.

दुरुस्तीत घाई नडते. जुना होज ओढून काढू नये, पात्याने उभा चिरून सोलावा. ओढताना प्लास्टिकची नळीच तुटते. नळीवरची पापडी साफ करून नवा होज नळीच्या टोकाजवळच्या उंचवट्याच्या पुढे सरकवावा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसवावी, वर नाही. कंपनीने स्प्रिंगची क्लिप दिली असेल तर तीच ठेवावी. स्क्रूची क्लिप एकदा आवळली की तशीच राहते. स्प्रिंगची क्लिप रबर आखडलं की स्वतःही आखडते. तडकलेल्या प्लास्टिक टाकीवर एपॉक्सी थापणं फार टिकत नाही, रेडिएटर बदलणंच परवडतं.

हळदीचं काय? ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय खोटा नाही. बारीक पूड पाण्यात फुगते, दाबाने छिद्राकडे ओढली जाते आणि तिथे अडकते. पण ती हीटर कॉइलच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही अडकते. गळती बंद करणाऱ्या विकतच्या पुड्यांचंही तेच. घाटात अडकलात आणि गावापर्यंत पोचायचंय, एवढ्यापुरतं ठीक. नंतर सगळी यंत्रणा धुऊन काढावी.

भरताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रकारचंच कूलंट घ्यावं, रंगावरून निवडू नये. रंग हा कुठलाच प्रमाणित संकेत नाही. पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट असेल तर बॅटरीच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळावं. बोअरचं जड पाणी सिलिंडर हेडमध्ये क्षाराचा थर चढवतं. गाडीचं नाक थोडं उंच ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून सावकाश भरावं, हवा काढायचा स्क्रू असेल तर धार अखंड येईपर्यंत उघडा ठेवावा. मग इंजिन चालवावं. थर्मोस्टॅट ८२–८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि पातळी एकदम खाली जाते. पंखा दोनदा लागून बंद झाला की इंजिन बंद करावं, पूर्ण थंड होऊ द्यावं, पुन्हा भरावं. हीटरमधून कधी गरम कधी गार हवा येत असेल तर आत अजून हवा अडकलेली आहे.

काढलेलं कूलंट उघड्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नये. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. बूच घट्ट लागणाऱ्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून गॅरेजला द्यावं. बाटलीवरची जुनी चिकटपट्टी काढून नवी लावावी आणि ५०० किलोमीटरनंतर, सकाळी, थंड गाडीत, पुन्हा पाहावं.