माउथवॉश आणि दातांतील फिलिंगचा रंग

दाताच्या रंगाच्या फिलिंगवर माउथवॉशच्या रोजच्या वापराने होणारा परिणाम. चांदीचे म्हणून ओळखले जाणारे फिलिंग मुळातच करडे, त्यामुळे त्याचा येथे प्रश्न नाही. सिरॅमिकच्या व झिर्कोनियाच्या कॅपही रंग फारसा धरत नाहीत. उरतात दाताच्या रंगाची फिलिंग: कॉम्पोझिट, आणि काही अंशी ग्लास आयोनोमर. पेशंटच्या तोंडी दोन्ही ‘सिमेंट’च.

कॉम्पोझिट म्हणजे काचेसारखी बारीक पूड आणि तिला बांधून ठेवणारे रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ. रंग धरते ते मुख्यतः रेझिन. ते तोंडातले पाणी हळूहळू शोषते, त्याबरोबर रंगही आत मुरतो. माउथवॉशमधले अल्कोहोल (काही जुन्या प्रकारांत 20 टक्क्यांहून अधिक) रेझिन मऊ करते. पण अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशनेही रंग बदलतो, तेव्हा सगळे खापर त्याच्या माथी फोडता येत नाही. पॉलिश नीट न केलेले फिलिंग लवकर डागाळते, मग माउथवॉश कोणतेही असो.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशचे (0.12 किंवा 0.2 टक्के) तंत्र वेगळे. ते दाताला आणि फिलिंगला चिकटून बसते व चहातले टॅनिन (डाग पाडणारे द्रव्य) धरून ठेवते. फिलिंगच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, चहाच्या कपात आतून उरते तशी. हा डाग वरवरचा, पॉलिशने निघतो. आत मुरलेला रंग नकोसा झाला तर फिलिंगच बदलावे लागते. डाग पडतात म्हणून क्लोरहेक्सिडिन सहसा एक-दोन आठवड्यांपुरतेच देतात, आणि चूळ भरल्याबरोबर चहा घेऊ नये असे सांगतात.

इंदूरच्या मराठी घरात हे पथ्य अवघडच. सकाळी हळदीचे पोहे, वर शेव आणि जिरावण हा मसाला, मागून कडक चहा. रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद). हळदीतले कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रेझिनला मात्र सहज चिकटते. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग उन्हात विटतो. तोंडात ऊन कुठले?

प्रयोगशाळेत कॉम्पोझिटची चकती बहुधा 12 तास माउथवॉशमध्ये बुडवून ठेवतात. रोज 2 मिनिटे चूळ भरली तर वर्षाची 730 मिनिटे होतात, त्यावरून हा हिशेब. रंगातला फरक ‘डेल्टा ई’ या आकड्याने मांडतात. तो 3.3 च्या पुढे गेला की चालणार नाही, असे पुष्कळ वर्षे मानत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 2016 च्या अहवालात ही मर्यादा 2.7 वर आली, आणि 1.2 ला निम्म्या लोकांना फरक जाणवतो असे धरले. अर्थात चकतीला लाळ नसते, ब्रश नसतो आणि पोहेही नसतात. त्यामुळे हे आकडे दोन माउथवॉशची तुलना करण्यापुरते घ्यावेत.

दात पांढरे करणाऱ्या माउथवॉशमधले पेरॉक्साइड दात थोडा उजळवू शकते. फिलिंगचा मूळ रंग त्याने फारसा उजळत नाही. मग समोरच्या दातातला जुळवून भरलेला तुकडा उठून दिसू लागतो. दात उजळवायचेच असतील तर ते आधी, आणि सुमारे दोन आठवड्यांनी फिलिंग.