पूर्वजांच्या जुन्या नोंदींच्या नकला : अर्ज कोठे आणि कसा करावा

महसुली कार्यालयातील जुने अभिलेख घराण्याच्या नावाने लावलेले नसतात. ते गाव, नमुना (म्हणजे नोंदवहीचा प्रकार) आणि वर्ष यांनुसार बांधलेले असतात. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रे मिळावीत’ अशा अर्जाला ‘अभिलेख आढळून येत नाही’ हेच उत्तर बहुधा येते. अर्जापूर्वी मूळ गाव आणि त्या काळचा तालुका व जिल्हा निश्चित करावा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून आणि लातूर १९८२ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वीचे काही कागद जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावे लागतात.

घराण्याकडे कधीकाळी जमीन असेल, तर सुरुवात तेथूनच करावी. खातेदार मयत झाल्यावर त्याच्या वारसांची नावे आणि नाते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहिले जाते. एक वारस फेरफार म्हणजे वंशावळीची एक पायरी. हस्तलिखित सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले क्रमांक हे फेरफारांचेच असतात आणि त्यांच्या आधारे एकेक पिढी मागे जाता येते. जुना गाव नमुना १४, ज्याला सर्वजण कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. त्यात आडनाव अनेकदा नसते, केवळ नाव, बापाचे नाव आणि जात असते. म्हणून आडनावावरून शोध घेणाऱ्याची येथे निराशा होते.

या नकलांसाठी तहसीलदारांच्या नावे अर्ज करून गाव, नमुना, सर्व्हे किंवा फेरफार क्रमांक, अंदाजे वर्षे आणि नकलेचे कारण नमूद करावे. कोर्ट फी स्टॅम्प लावून ओळखपत्राची प्रत जोडावी. स्कॅन झालेले कागद ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतात, तेव्हा हेलपाटा घालण्यापूर्वी तेथे पाहावे.

अर्जदार वारसच असला पाहिजे, हा समज सर्वत्र लागू नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ कोणालाही शुल्क भरून पाहता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ खाली नोंदीचे प्रमाणपत्र मागता येते. मृत्यूचे कारण मात्र त्यात दिले जात नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडे मागताना नात्याचा पुरावा सोबत ठेवणे सोयीचे ठरते.

नकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. त्यानंतर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्कासह अर्ज करून अभिलेख कक्षाची सूची आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागावी. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची असून पहिले अपील त्यापुढील तीस दिवसांत करता येते.

घराण्याकडे वतन किंवा इनाम होते, अशी माहिती असेल, तरच पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराकडे, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या संग्रहाकडे, वळावे. साध्या रयतेचा माग तेथे क्वचित लागतो. ते कागद बहुतांशी मोडी लिपीत आहेत. लिप्यंतर करून घेताना मूळ पानाची नक्कलही जपावी, कारण मोडीतले नाव एका वाचकाने एक आणि दुसऱ्याने दुसरेच वाचल्याचे प्रसंग नेहमीचे आहेत.