जिन्याचा दिवा आणि कॉमनचा घोळ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत माडीवर जाणारा जिना अरुंद, उभा आणि भरदुपारीही अंधारा असतो. खाली लावलेला दिवा वर पोहोचल्यावर बंद करता यावा, यासाठी ६ अँपिअरचे दोन टू-वे स्विच लागतात. साध्या बटणाला मागे दोन स्क्रू असतात, याला तीन. त्यांतला एक कॉमन. बटण कसंही दाबा, कॉमन उरलेल्या दोघांपैकी एकाला जोडलेला असतोच. या बटणाला ‘बंद’ अशी बाजूच नाही.

फेज, म्हणजे जिवंत वायर, खालच्या स्विचच्या कॉमनला द्यायची. वरच्या स्विचच्या कॉमनवरून वायर होल्डरला न्यायची. उरलेले दोन-दोन स्क्रू दोन वायरींनी एकमेकांना जोडायचे. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठल्याही बटणात न शिरता थेट होल्डरला. दोन्ही बटणं एकाच वायरवर टेकली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असली की विझतो.

या मधल्या वायरींची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते कॉमन चुकल्यावर. एक बटण ठरावीक बाजूला असेल तरच दुसरं चालतं, ही त्याची पक्की खूण. बऱ्याच स्विचमध्ये कॉमन मधोमध असतो, पण त्यावर विसंबू नये. बसवण्याआधी मल्टिमीटरच्या बीपवर (दोन स्क्रू आतून जोडलेले असले की तो वाजतो) तपासावं: बटण इकडे असो वा तिकडे, दोन्ही वेळा जो स्क्रू बीप देण्यात सामील असतो, तोच कॉमन.

९ वॉटच्या एलईडीला ०.१ अँपिअरही लागत नाही, त्यामुळे १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. बोर्डांत ६ मीटर अंतर असेल तर मधल्या वायरींनाच १२ मीटर लागतील. शिवाय प्रत्येक टोकाला १५ सेंटिमीटर जास्त सोडावी. काम मेन स्विच बंद करून, परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावं.

वायर वाचवायला काही ठिकाणी दोन्ही स्विचच्या कडेच्या स्क्रूंना फेज आणि न्यूट्रल देतात आणि दोन्ही कॉमन होल्डरच्या दोन टोकांना जोडतात. दिवा बरोबर चालतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण दोन्ही बटणं फेजवर असताना दिवा विझलेला असतो आणि होल्डरची दोन्ही टोकं मात्र जिवंत असतात. बल्ब बदलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. अशी जोडणी दिसली तर ती त्याच दिवशी बदलावी. फेज खालच्या सर्किटची आणि न्यूट्रल माडीवरच्या सर्किटची, हेही तितकंच वाईट: आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, आणि माडीवरचा न्यूट्रल दुरुस्तीसाठी सोडवला तर बल्बमधून त्यात करंट येतो.

दिवा बंद असताना एलईडी मंद तेवतो, अशी तक्रार हमखास येते. मधल्या दोन वायरींपैकी एक कायम जिवंत असते. तिला चिकटून धावणाऱ्या दुसरीत थोडा दाब (व्होल्टेज) उतरतो, आणि बंद दिवा नेमका त्या दुसरीलाच जोडलेला असतो. आधी दुसरा बल्ब लावून पाहावा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. याच कारणाने निऑन टेस्टर त्या वायरवरही पेटतो. खात्री टेस्ट लॅम्पनेच (दोन वायरी जोडलेल्या तपासणीच्या बल्बनेच) करावी.

२०१९ आणि २०२१च्या पुरात पंचगंगेचं पाणी कित्येक घरांच्या तळमजल्यात शिरलं. बुडालेला स्विच वाळवून पुन्हा वापरू नये, कारण आतल्या पट्ट्यांवर गाळ बसतो आणि ठिणगी पडून स्विच तापतो. नवा स्विच जोडताना वायरीचं काळं पडलेलं टोक तांबं लख्ख दिसेपर्यंत कापावं लागतं. टोकाला सोडलेले १५ सेंटिमीटर तेव्हा कामी येतात.