मॉर्मन विवाह आणि वर न झालेले हात

६ ऑक्टोबर १८९० रोजी सॉल्ट लेक सिटीतल्या टॅबरनॅकल सभागृहात एक छोटासा मजकूर वाचून दाखवला गेला. खाली सही होती चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांची. देशाच्या कायद्याला मंजूर नसलेला कोणताही विवाह करू नका, असा माझा सल्ला आहे, एवढंच त्याचं सार. मग प्रथेप्रमाणे मंजुरीचे उजवे हात वर झाले आणि ठराव एकमताने संमत झाल्याची नोंद झाली. तिथे बसलेल्या काहींच्या आठवणी मात्र निराळं सांगतात: कितीतरी लोकांचे हात मांडीवरून हललेच नाहीत. ज्या बहुपत्नीविवाहासाठी त्यांनी तुरुंग पाहिला, घरदार सोडून लपूनछपून दिवस काढले, तो आता एका सल्ल्यानिशी मागे पडत होता.

त्याच दिवशी वुड्रफ आणखी एक गोष्ट बोलून गेले. चर्चचा अध्यक्ष तुम्हाला आडवाटेला नेईल, असं परमेश्वर कधीच होऊ देणार नाही; तसं करू पाहील त्याला तो जागेवरून दूर करील. आज एखाद्या मॉर्मन माणसाने नेतृत्वावर शंका घेतली, की बहुतेक वेळा हेच शब्द त्याच्यापुढे ठेवले जातात. ते कधी उच्चारले गेले हे लक्षात घेतलं, तर पुढचा बराच इतिहास उलगडतो. चर्चने आपली विवाहाची शिकवण सर्वांत मोठ्या प्रमाणात फिरवली, त्याच दिवसाचे हे शब्द आहेत.

(चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका, असं २०१८ पासून चर्चचं सांगणं आहे. वाचकाच्या सोयीसाठी इथे तेच वापरतो.)

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. आपण संदेष्टा आहोत आणि देव आजही बोलतो, हा त्यांचा दावा. देव बोलत असेल, तर काल सांगितलेलं आज बदलूही शकतं. चर्चची ताकद त्यात आहे आणि डोकेदुखीही. १८३८ मध्येच याची चुणूक दिसली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा चर्चचा धर्मग्रंथ लिहून घेणारे, चर्चमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे मानले जाणारे ऑलिव्हर काउडरी यांनी स्मिथ आणि फॅनी अल्जर या तरुणीच्या संबंधांबद्दल एका पत्रात अत्यंत कडवट शब्द वापरले. त्याच वर्षी त्यांना चर्चमधून काढण्यात आलं. आरोप अनेक होते, त्यांत संदेष्ट्याची बदनामी हाही होता.

इलिनॉयमधल्या नावू गावात हे प्रकरण ऐन घरात शिरलं. १२ जुलै १८४३ रोजी स्मिथ यांनी बहुपत्नीविवाहाचा साक्षात्कार लिहून घ्यायला सांगितला. लेखनिक विल्यम क्लेटन यांनी पुढे आठवण लिहून ठेवली आहे. भाऊ हायरम म्हणाला, तू हे लिहून दे, मी एमाला वाचून दाखवतो, तिला पटवतो. जोसेफ हसले आणि म्हणाले, एमाला तू माझ्याइतका ओळखत नाहीस. हायरम कागद घेऊन गेला आणि आयुष्यात कधी ऐकली नव्हती एवढी बोलणी खाऊन परतला. एमा म्हणजे जोसेफ यांची पत्नी, चर्चच्या महिला संघटनेची पहिली अध्यक्ष. या चर्चमधल्या विवाहविषयक असहमतीची सुरुवात शोधायची, तर मी त्या घराच्या उंबऱ्यापासून करीन.

बाहेरची असहमती वर्षभरात आली. विल्यम लॉ हे स्मिथ यांचे सल्लागार, सर्वोच्च तिघांपैकी एक. त्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी ‘नावू एक्स्पॉझिटर’ नावाचं वृत्तपत्र काढलं. त्याचा एकच अंक निघाला, ७ जून १८४४ चा. नेते गुपचूप अनेक बायका करतात आणि सार्वजनिकरीत्या ते नाकारतात, असं त्यात शपथपत्रांसकट छापलं होतं. महापौर होते खुद्द स्मिथ. नगर परिषदेने छापखाना सार्वजनिक उपद्रव ठरवला आणि १० जूनला यंत्र फोडून खिळे रस्त्यावर ओतले गेले. त्या प्रकरणात अटक झाली आणि २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात घुसलेल्या जमावाने जोसेफ आणि हायरम यांना गोळ्या घातल्या. लॉ यांनी छापलेला मुख्य मुद्दा खरा होता, हे आज चर्चही नाकारत नाही. २०१४ मध्ये चर्चने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निबंधात जोसेफ यांच्या पत्नींची संख्या ३० ते ४० असल्याचा अंदाज नमूद आहे, आणि त्यांतली एक पंधरा वर्षांचीही नव्हती हेही.

मारेकऱ्यांपासून आणि शेजाऱ्यांपासून दूर, स्मिथ यांचे उत्तराधिकारी ब्रिगम यंग यांच्या मागे लोक पश्चिमेला निघाले आणि जुलै १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तिथे झाकायचं कारण उरलं नाही. २९ ऑगस्ट १८५२ रोजी ऑर्सन प्रॅट यांनी बहुपत्नीविवाह ही चर्चची शिकवण असल्याचं भर सभेत जाहीर केलं. याच अधिवेशनात शंभरएक धर्मप्रचारकांची नावं पुकारली गेली, आणि त्यांतले काही हिंदुस्थानात यायला निघाले. १८५३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. त्याआधीच ह्यू फिंडले नावाचे प्रचारक मुंबईत आणि पुण्यात पोचलेले होते. पुण्यात छोटीशी शाखाही उघडली होती. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पाद्र्यांचा विरोध आधीच होता, त्यात सॉल्ट लेकहून ही बातमी येऊन थडकली. काही वर्षांतच इथला गाशा गुंडाळला गेला.

युटामधला संसार बाहेरून दिसत होता तितका एकसुरी नव्हता. बहुतेक मॉर्मन पुरुषांना एकच बायको होती. अनेक बायका करायच्या तर पैसा लागे आणि वरिष्ठांची संमतीही. १८७० मध्ये हजारो स्त्रियांनी सॉल्ट लेकमध्ये सभा घेऊन बहुपत्नीविवाहाविरुद्धच्या विधेयकाचा निषेध केला, आणि त्याच वर्षी युटाच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. या स्त्रिया सुटका व्हावी म्हणून मत देतील, असा पूर्वेकडच्या सुधारकांचा होरा होता. तसं काही झालं नाही. १८८७ मध्ये अमेरिकी संसदेने तो हक्क काढूनच घेतला.

कायद्याची लढाई १८७९ मध्ये निकाली लागली. ब्रिगम यंग यांचे चिटणीस जॉर्ज रेनल्ड्स यांच्यावरचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. श्रद्धेवर सरकारचा अधिकार नाही, पण आचरणावर आहे, असं सरन्यायाधीश वेट यांनी ठरवलं, आणि उदाहरण दिलं ते पतीच्या चितेवर जळून जाणं धर्म मानणाऱ्या पत्नीचं. ती जळू पाहत असेल, तर सरकारने हात बांधून बसायचं का? म्हणजे युटामधल्या माणसाला शिक्षा देताना हाताशी आपली सतीची चाल आली. पुढे हाच धागा उलट फिरून मुंबईत आला. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा राज्यघटनेत बसतो का, हा प्रश्न नरसू अप्पा माळी खटल्यात उच्च न्यायालयापुढे होता. १९५१ मध्ये छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी कायदा वैध ठरवला, तेव्हा श्रद्धा आणि आचरण यांतला फरक सांगण्यासाठी मॉर्मन विवाहांवरच्या अमेरिकी निकालाचा आधार घेतला गेला.

रेनल्ड्स निकालानंतर युटात धरपकड सुरू झाली. हजाराच्या वर पुरुष तुरुंगात गेले. अध्यक्ष जॉन टेलर १८८७ मध्ये भूमिगत असतानाच वारले. त्याच वर्षीच्या कायद्याने चर्चची कायदेशीर संस्था बरखास्त करून मालमत्तेवर टाच आणली. टेंपल, म्हणजे विवाहासारखे पवित्र विधी होतात ती मंदिरं, हातची जाणार हे दिसू लागलं, तेव्हा वुड्रफ यांनी १८९० चा तो कागद लिहिला. त्यालाच ‘जाहीरनामा’ म्हणतात.

आणि कागद लिहून झाल्यावरही लग्नं चालूच राहिली, मेक्सिकोत, कॅनडात, काही युटातही, आणि वरिष्ठांच्या मूक संमतीने. १९०४ मध्ये रीड स्मूट या मॉर्मन सिनेटरच्या चौकशीत हे चव्हाट्यावर आलं. मग ‘दुसरा जाहीरनामा’ निघाला: आता असं लग्न करील किंवा लावील, त्याला चर्चमधून काढू. जॉन डब्ल्यू. टेलर आणि मथायस काउली या दोन प्रेषितांना, म्हणजे अध्यक्षांखालच्या बारा वरिष्ठांपैकी दोघांना, पायउतार व्हावं लागलं. टेलर यांना १९११ मध्ये बाहेर काढलं. हे टेलर म्हणजे भूमिगत वारलेल्या त्याच अध्यक्षांचे चिरंजीव. १८४४ मध्ये लॉ बाहेर गेले ते बहुपत्नीत्वाला विरोध केला म्हणून. आता टेलर गेले ते त्याला चिकटून राहिले म्हणून. दोघांनीही, आपापल्या परीने, आधी शिकलेलंच धरून ठेवलं होतं. बंदी न मानणाऱ्यांचे वेगळे पंथ झाले. ॲरिझोनाच्या सीमेवरच्या शॉर्ट क्रीक वस्तीवर १९५३ मध्ये पडलेली धाड आणि पंथप्रमुख वॉरन जेफ्स यांना २०११ मध्ये झालेली जन्मठेप ही त्यांचीच कथा. मुख्य चर्चचा त्यांच्याशी संबंध नाही, तरी बातमी आली की लोक गल्लत करतात.

असहमतीची किंमत इथे इतकी जड का, हे कळायला मॉर्मन लग्न म्हणजे काय ते जवळून पाहावं लागतं. टेंपलमधल्या छोट्या खोलीत वधू-वर एका गादी मढवलेल्या वेदीच्या दोन बाजूंना गुडघे टेकून, समोरासमोर हात धरून बसतात. समोरासमोरच्या भिंतींवर आरसे असतात, आरशात आरसा, त्यात पुन्हा आरसा, प्रतिमांची रांग संपतच नाही. या विधीला ‘सीलिंग’ म्हणतात. आपल्याकडे वडाला दोरा गुंडाळताना सात जन्म मागतात. इथे मागणं अनंतकाळाचं, आणि त्यात मुलंबाळंही आली. आत जायला बिशपने, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाने, मुलाखत घेऊन दिलेला परवाना लागतो, आणि त्या मुलाखतीत अध्यक्षांना संदेष्टा मानता का, हा प्रश्न असतो. परवाना नसलेले आईवडील मुलीच्या लग्नाच्या दिवशी बाहेर प्रतीक्षालयात बसून राहत. आधी नागरी विवाह केला, तर अमेरिकेत टेंपलसाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट २०१९ मध्ये उठली, आणि कितीतरी घरांतल्या जुन्या जखमेवर तेव्हा कुठे फुंकर पडली. चर्चने एखाद्याचं नाव काढलं, की सीलिंगचे लाभही थांबतात. वाळीत टाकलेला माणूस आपल्याकडे गावाला मुकतो. मॉर्मन माणसाला श्रद्धेच्या हिशेबात आपली बायकोमुलं मृत्यूनंतर मिळतील की नाही, याची धास्ती लागते.

१९४५ मध्ये चर्चच्या मासिकात एक वाक्य छापून आलं: नेते बोलले, की विचार करून झालेला असतो. युनिटेरियन या दुसऱ्या पंथाच्या एका धर्मगुरूने तक्रार केल्यावर अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी ही चर्चची भूमिका नसल्याचं खासगी पत्रात कळवलं. मासिकात खुलासा छापला नाही. वाक्य लोकांच्या डोक्यात राहिलं.

पुढच्या दशकांत विवाह आणि असहमती पुन्हापुन्हा एकमेकांत अडकत गेले. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या सोनिया जॉन्सन यांना डिसेंबर १९७९ मध्ये काढलं. १९८५ मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठातले इतिहासकार मायकेल क्विन यांनी १८९० नंतरच्या छुप्या लग्नांवर सविस्तर लेख छापला, वरिष्ठांच्या संमतीच्या नोंदींसह. १९८८ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडलं. मे १९९३ मध्ये प्रेषित बॉइड पॅकर यांनी स्त्रीवादी, समलिंगी चळवळ आणि ‘तथाकथित विद्वान’ हे तीन धोके असल्याचं सांगितलं, आणि सप्टेंबरमध्ये सहा जणांवर कारवाई झाली. पाच जणांना काढलं, लिन व्हाइटसाइड्स यांना सौम्य शिक्षा झाली. क्विन त्या पाचांत होते. २०२१ मध्ये वारले तोवर ते स्वतःला श्रद्धावंतच म्हणवत.

या सहांतल्या लविना फील्डिंग अँडरसन यांचं मला विशेष वाटतं. नेत्यांनी सदस्यांवर आणलेल्या दबावाच्या घटनांची तारीखवार यादी छापली, हा त्यांचा गुन्हा. काढून टाकल्यावरही त्या आपल्या मंडळीत दर रविवारी जात राहिल्या. प्रभुभोजनाचं ताट, पावाचे तुकडे आणि मग पाण्याचे इवले पेले, बाकावरून हातोहात फिरतं. काढलेल्या माणसाने त्यातलं काही घ्यायचं नसतं, नुसतं शेजाऱ्याकडे सरकवायचं. पुढे स्थानिक नेत्यांनी त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा करायला अनुकूलता दाखवली. २०१९ मध्ये सर्वोच्च नेतृत्वाने नकार दिला. २०२३ मध्ये त्या गेल्या.

बहुपत्नीत्वासाठी तुरुंगात गेलेलं हेच चर्च १९९५ च्या ‘कुटुंब’ जाहीरनाम्यात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याच विवाहाचा आग्रह धरू लागलं आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहबंदीसाठी सदस्यांना त्याने वेळ आणि पैसा द्यायला सांगितलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी विवाह केलेल्या सदस्यांना धर्मत्यागी ठरवणारा आणि त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा रोखणारा नियम आला. तेव्हाचे ज्येष्ठ प्रेषित रसेल नेल्सन यांनी तो देवाची इच्छा म्हणून सांगितला. हजारोंनी राजीनामे दिले. एप्रिल २०१९ मध्ये, नेल्सन यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, नियम मागे घेतला गेला. मधल्या साडेतीन वर्षांत जे निघून गेले, त्यांचं काय, यावर कुणी काही बोललं नाही.

बहुपत्नीविवाहाचा १८४३ चा साक्षात्कार धर्मग्रंथात १३२ वा अध्याय म्हणून आजही छापला जातो. विधुर पुरुष दुसऱ्या पत्नीशी पुन्हा सील होऊ शकतो. हयात स्त्रीला मात्र एका वेळी एकाच पतीशी सील होता येतं. नेल्सन आणि त्यांच्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यक्ष झालेले डॅलिन ओक्स, दोघेही असे दोनदा सील झालेले. ओक्स यांनी ऑक्टोबर २०१९ च्या अधिवेशनात एका स्त्रीचं पत्र सांगितलं होतं. ती एका विधुराशी लग्न करणार होती आणि विचारत होती: पुढच्या जगात मला वेगळं घर मिळेल, की नवऱ्याबरोबर आणि त्याच्या पहिल्या बायकोबरोबर राहावं लागेल? सभागृहात हशा पिकला. ओक्स म्हणाले, मी तिला एवढंच सांगितलं, देवावर भरवसा ठेव.