चेल्सी अमेरिकेत हरली, पण कोणत्या सामन्यात?

२२ जुलै २०१५ ला न्यू जर्सीतल्या हॅरिसनमध्ये न्यूयॉर्क रेड बुल्स या फुटबॉल क्लबने चेल्सीला ४-२ असं हरवलं. चेल्सी तेव्हा प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगची, ताजी विजेती होती आणि प्रशिक्षक होते जोझे मोरिन्यो. जवळपास दहा वर्षांनी, १६ जून २०२५ ला, अटलांटात चेल्सीने लॉस एंजेलिस एफसीला २-० असं हरवलं. दोन्ही वेळा मैदान अमेरिकेतलं, ऋतू उन्हाळ्याचा, एक संघ इंग्लंडचा आणि एक अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएसचा. आपल्याकडे दोन्हींचे हायलाइट्स पाहिले तर फरक कळणार नाही. पण पहिला सामना हंगामपूर्व फ्रेंडली, म्हणजे हंगामाआधीचा सरावाचा सामना होता आणि दुसरा क्लब वर्ल्ड कपचा. त्या पहिल्या निकालावरून कुणी ‘अमेरिकेतलं फुटबॉल आता इंग्लंडच्या तोडीस आलं’ असं सांगायला लागलं, तर त्याला थांबवायला हवं.

आधी फ्रेंडली. प्रीमियर लीग ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मेमध्ये संपते. म्हणजे जुलैत इंग्लिश खेळाडू सुट्टीवरून नुकते परतलेले असतात. पाय जड, दम लागतोय, प्रशिक्षक नवी रचना चाचपून बघतोय. एमएलएस मात्र फेब्रुवारी-मार्चपासून चालू असते आणि डिसेंबरात अंतिम सामना होतो, त्यामुळे अमेरिकन संघ जुलैत ऐन भरात असतो. ‘हंगामपूर्व’ हा शब्द या सामन्याला अर्धाच लागू पडतो. अमेरिकन क्लबसाठी तो हंगामाच्या मधोमध, दोन लीग सामन्यांच्या फटीत कोंबलेला जादा सामना असतो.

यातून दोन उलट गोष्टी घडतात. फिटनेसमध्ये अमेरिकन संघ पुढे असतो, पण प्रशिक्षकाला चार दिवसांनी लीगचा सामना खेळायचा असतो, म्हणून तो मुख्य खेळाडूंना राखून ठेवतो. २०१५ मध्ये रेड बुल्सचे प्रशिक्षक जेसी मार्श यांनी राखीव आणि अकादमीतली पोरंच उतरवली होती. त्यांतल्या टायलर अ‍ॅडम्सने हेडरने गोल केला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे २०२२ च्या विश्वचषकात हाच अमेरिकेचा कर्णधार होता. म्हणजे चेल्सी रेड बुल्सच्या पहिल्या फळीकडून हरलीच नव्हती.

मग या निकालाला किंमत किती? दोन पराभव शेजारी ठेवून बघा. २५ जुलै २०१० ला कॅन्सस सिटी विझार्ड्सनी मँचेस्टर युनायटेडला २-१ असं हरवलं. विझार्ड्सच्या जिमी कॉनराडला पहिल्या सत्रातच लाल कार्ड मिळालं, पेनल्टीवर युनायटेडच्या बर्बाटोव्हने बरोबरी साधली, तरी दोनच मिनिटांत विझार्ड्सच्या केई कमाराने हेडरने आघाडी मिळवून दिली आणि संपूर्ण दुसरं सत्र दहा जणांनी ती टिकवली. त्याच युनायटेडने पुढच्या मेमध्ये प्रीमियर लीग जिंकली आणि चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. रेड बुल्सकडून हरलेली चेल्सी मात्र त्या हंगामात दहावी आली आणि मोरिन्योंची डिसेंबरातच गच्छंती झाली. फ्रेंडलीतला पराभव सारखाच, पुढची वाटचाल अगदी विरुद्ध. त्यामुळे ‘तेव्हाच दिसत होतं’ म्हणणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. क्रिकेटमध्ये दौऱ्यावरचा सराव सामना आणि कसोटी यांत आपण गल्लत करत नाही, इथे मात्र हमखास करतो.

मैदानावर काय बघायचं? सगळ्यात सोपी खूण बदली खेळाडूंची. फ्रेंडलीत दोन्ही संघांनी आपसांत ठरवलं आणि पंचाला आधी सांगितलं, की हवे तेवढे बदल करता येतात. मध्यंतरानंतर अख्खी अकरा माणसं बदललेली दिसली तर तो फ्रेंडलीच. क्लब वर्ल्ड कपात नेहमीचे पाचच बदल, तेही खेळ फक्त तीनदा थांबवून. दुसरी खूण पेनल्टी शूटआउटची. जुलै २०२२ मध्ये शार्लटमध्ये चेल्सी आणि शार्लट एफसी १-१ बरोबरीत राहिले आणि लगेच शूटआउट झाला. शार्लटने तो ५-३ असा जिंकला. पुढची फेरी नाही, गुण नाहीत, प्रेक्षकांना निकाल मिळावा एवढ्यासाठीच तो सोहळा.

आता अटलांटाकडे. क्लब वर्ल्ड कप ही फिफाची स्पर्धा. २०२५ मध्ये ती पहिल्यांदा ३२ संघांची झाली, १४ जून ते १३ जुलै. लॉस एंजेलिसला तिथे कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. मेक्सिकोच्या लिओनला, एकाच मालकाचे दोन क्लब नकोत या नियमामुळे, बाहेर काढल्यावर रिकाम्या जागेसाठी एक सामना ठेवला गेला, त्यात क्लब अमेरिकाला २-१ असं हरवून त्यांनी प्रवेश कमावला. चेल्सीने या स्पर्धेआधीच लियाम डेलॅपला करारबद्ध केलं होतं आणि तो अटलांटात बदली म्हणून उतरला. पेद्रो नेटोने पहिला गोल केला, दुसरा एन्झो फर्नांडेझने डेलॅपच्याच पासवर. लॉस एंजेलिसच्या गोलमध्ये ह्यूगो लोरिस होता, टॉटनहॅमचा जुना कर्णधार. गटातल्या एका विजयाची किंमत २० लाख डॉलर होती. चेल्सी पुढे विजेती झाली आणि मग ऑगस्टात स्टॅम्फर्ड ब्रिजवर लेव्हरकुसेन आणि मिलानविरुद्ध दोन फ्रेंडली उरकून लीगला लागली.

गंमत गर्दीत आहे. कॅन्सस सिटीच्या त्या निरर्थक सामन्याला ॲरोहेड स्टेडियमवर ५२,४२४ प्रेक्षक आले. विझार्ड्स तेव्हा आपले लीग सामने दहा हजारांच्या आसपास क्षमतेच्या बेसबॉल मैदानावर खेळत, यावरून फ्रेंडलीचं गणित कळतं. इंग्लिश क्लबला पैसा आणि नवे चाहते मिळतात, स्थानिक क्लबला वर्षातून एकदा भरलेलं मोठं मैदान. उलट अटलांटात सोमवारी दुपारी तीन वाजता, सत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये, सगळं काही पणाला लागलेल्या सामन्याला २२,१३७ माणसं होती. सामन्याचं महत्त्व गर्दीवरून जोखायला जाऊ नये, ते यासाठी.

मधला एक प्रकारही आहे, ऑल-स्टार सामना. त्यात इंग्लिश क्लबसमोर अमेरिकन क्लब नसतोच, लीगमधून वेचलेले खेळाडू असतात. २०२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आर्सेनलने त्यांना ५-० धुतलं, तेव्हा ऑल-स्टारचा प्रशिक्षक वेन रूनी होता. जेमतेम एखाद्या सरावानंतर एकत्र खेळणाऱ्या संघावरून लीगचा दर्जा ठरवणं तर आणखीच अवघड.

हा सगळा हिशोब लवकरच बदलेल. एमएलएसने २०२७ च्या उन्हाळ्यापासून जुलै ते मे असा हंगाम ठरवला आहे. मग जुलैच्या सुरुवातीला भेटले तर दोन्ही संघ सारखेच सुस्तावलेले असतील. महिनाअखेरीस भेटायचं म्हटलं तर अमेरिकन क्लबच्या लीगचे पहिलेच सामने चालू असतील, आणि त्या आठवड्यात चेल्सीसाठी आपले मुख्य खेळाडू कोण प्रशिक्षक उतरवेल?