ब्लास्टिंगनं घराला तडे गेले: कंपन मोजून घेण्याचा अर्ज कुठं अडतो

वणी, भद्रावती, राजुरा, कोरपना, उमरेड, तिकडं तुमसर. कोळसा असो, चुनखडी असो की मॅंगनीज, खुल्या खाणीच्या काठावरच्या गावात तक्रार एकच असते. दुपारी बार उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात, कवेलू सरकतात आणि चारसहा महिन्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. तक्रार खरी असते, तरी अर्ज परत येतो. लोकांचे अर्ज लिहून देताना आणि परत आलेली पत्रं वाचताना मला दिसलं ते हे, की बहुतेक अर्ज पहिल्याच वाक्यात मार खातात: ‘माझ्या घराचे नुकसान झाले आहे, तरी भरपाई मिळावी.’

हे वाक्य खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या नागपूर कार्यालयात पोचलं की उत्तर ठरलेलं: भरपाई आमच्या अखत्यारीत नाही. ते खरंच आहे. महानिदेशालय पैसे देत नाही. बार कसा उडवायचा, किती स्फोटक एका वेळी फोडायचं, वस्तीजवळ कोणत्या अटी पाळायच्या, यावर मात्र त्यांचाच अधिकार चालतो. म्हणून पहिल्या अर्जात पैशाचा शब्दही काढू नका. ‘माझ्या घराच्या पायथ्याशी कंपन मोजावे, अहवालाची प्रत मला द्यावी, आणि मर्यादेबाहेर असेल तर स्फोटकाचे प्रमाण कमी करण्याचे निर्देश द्यावेत,’ एवढंच मागा. भरपाईची मागणी पुढं कंपनीकडं, जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा कोर्टात करायची असेल, तेव्हा हाच अहवाल तुमच्या हातात लागेल. मोजणीचा आकडा नसताना भरपाई मागणारे लोक वर्षानुवर्षं फेऱ्या मारताना मी पाहिलेत.

अर्ज खाणीच्या मॅनेजरच्या नावानं लिहायचा. एक प्रत महानिदेशालयाला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेला. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टानं पाठवा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर वजन येतं, पण त्याच्यासाठी थांबून राहू नका. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकणारे जवळजवळ सगळे कोळसा मंत्रालय निवडतात. मग तक्रार फिरून त्याच खाणीकडं येते आणि खाणच स्वतःबद्दल उत्तर देते. महानिदेशालय श्रम व रोजगार मंत्रालयाखाली येतं, तेच निवडायचं. गिट्टीच्या खदानीशेजारी राहणाऱ्यांना तहसीलमध्ये सांगतात की छोट्या खदानीशी महानिदेशालयाचा संबंध नाही. १९५२ च्या खाण कायद्यापासूनच छोट्या दगडखदानींना दिलेली सूट स्फोटक न वापरणाऱ्यांपुरती होती. बार उडतो म्हणजे ती सूट गेली.

आता कागदपत्रं. आधार, रेशनकार्ड यांत काही अडत नाही. अडतं ते घराच्या कागदावर. लोक तलाठ्याकडून आठ-अ घेऊन येतात. तो शेतीच्या खात्याचा उतारा, घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला हवा तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरटॅक्सच्या नोंदवहीचा उतारा. आकडा एकच असल्यानं हा घोळ रोजचा आहे, आणि खिडकीवरचा बाबू समजावून न सांगता कागद परत सरकवतो याचा मला फार राग येतो. घर अतिक्रमणाच्या जागेवर असेल, नमुना ८ वर ‘अतिक्रमण’ असा शेरा असेल, तरी अर्ज करा. तुम्ही जागेची मालकी मागत नाही, राहत्या घराखालच्या जमिनीचं कंपन मोजायला सांगता आहात. घर सासऱ्यांच्या नावावर आणि सासरे वारलेले, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. तिथं ‘भोगवटादार’ म्हणून स्वतःच्या नावानं लिहा आणि मृत्यूचा दाखला जोडा. वारसनोंदीसाठी वर्षभर खोळंबू नका.

सगळ्यात मोठी अडचण ज्या पुराव्याची, तो कोणाजवळच नसतो: भेग पडायच्या आधी घर कसं होतं? खाणवाले पहिला प्रश्न हाच विचारतात. पण शोधलं तर सापडतं. लग्नाचे, बारशाचे, महालक्ष्मीच्या मांडणीचे जुने फोटो काढा, मागं भिंत दिसतेच. एका बाईच्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोत ज्या कोपऱ्यात आज बोट जाईल एवढी भेग आहे तो कोपरा धडधाकट दिसत होता, आणि फोटोवर तारीख छापलेली होती. घर प्रधानमंत्री आवास योजनेचं असेल तर काम आणखी सोपं. हप्ता सोडताना प्रत्येक टप्प्यावर जागेच्या खुणेसह फोटो चढवलेला असतो. पंचायत समितीच्या घरकूल शाखेतून त्याची प्रत मागा.

दुसरा पुरावा म्हणजे वही. तारीख, बाराची वेळ, काय हललं, घरात कोण होतं. वेळ मिनिटासह लिहा. खाणीला प्रत्येक बाराची नोंद ठेवावी लागते, तुमच्या वहीतली वेळ त्या नोंदीशी जुळली की कोणी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही. ‘रोज हालते जी’ असं लिहिलेलं मात्र काहीच सिद्ध करत नाही. मोबाइलच्या अॅपमधले कंपनाचे आकडे जोडू नका, ते कोणी मानत नाही आणि बाकीचा अर्जही हलका होतो.

काळ्या मातीचा मुद्दा तर येणारच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरची उथळ पायव्याची घरं खाण नसलेल्या गावातही चिरतात. हे नाकारलंत तर समोरचा अभियंता तुमचं पुढचं ऐकत नाही. त्यापेक्षा भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा, त्यावर तारीख घाला आणि दर महिन्याला मोजपट्टी धरून फोटो घ्या. मातीची भेग ऋतूप्रमाणं उघडते-मिटते. पट्टी भर पावसाळ्यातही तुटून भेग वाढतच राहिली, आणि वहीतल्या बारांच्या तारखांशी ती वाढ जुळली, तर मातीचं कारण पुरं पडत नाही.

मर्यादा किती, हे तोंडपाठ असू द्या. महानिदेशालयाचं १९९७ चं तांत्रिक परिपत्रक क्रमांक ७ आहे. खाणीच्या मालकीचं नसलेल्या राहत्या घरापाशी जमिनीचा कंपनवेग, ज्याला ते पीपीव्ही म्हणतात, कंपन ८ हर्ट्झपेक्षा (म्हणजे सेकंदाला ८ हेलकाव्यांपेक्षा) कमी असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि २५ च्या वर १५ मिलिमीटर. खाणीच्या स्वतःच्या क्वार्टरसाठी वेगळा रकाना आहे, तिथं हेच आकडे १०, १५ आणि २५ होतात. अहवाल हातात आला की आधी पाहा कोणता रकाना लावलाय. मी वाचलेल्या एका अहवालात गावातल्या घरांना क्वार्टरचा रकाना लावून ‘मर्यादेत’ असा शेरा मारलेला होता. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना तर २, ५ आणि १० अशी कडक मर्यादा आहे. गावात हेमाडपंती देऊळ असेल तर त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा.

हर्ट्झची भानगड का, असं लोक विचारतात. अमेरिकेच्या सरकारी ब्यूरो ऑफ माइन्सनं घरांवर मोजण्या करून १९८० मध्ये दाखवून दिलं की एकदोन मजली घराची स्वतःची झुलण्याची लय साधारण ४ ते १२ हर्ट्झ असते. जमिनीतलं कंपन त्याच लयीत आलं तर घर जास्त झुलतं. म्हणून संथ कंपनाला मर्यादा कडक. आणि एक कडू गोष्ट: माणसाला सेकंदाला एक मिलिमीटरच्या आतलं कंपनही कळतं. घर हललं असं जाणवणं खरंच असतं, पण एवढ्यानं मर्यादा ओलांडल्याचं ठरत नाही. म्हणून तर यंत्र लावायला सांगायचं.

मोजणीची मागणी नेमकी लिहा. यंत्र तुमच्या घराच्या पायव्यालगत जमिनीवर बसवावं, शाळेच्या पटांगणात किंवा दूरच्या चावडीपाशी नाही. नेहमीच्या उत्पादनाच्या दिवशी, एकापेक्षा जास्त बारांना मोजावं. त्या दिवशीचं एकूण स्फोटक आणि एका डिलेमधलं, म्हणजे एकाच क्षणी फुटणारं, कमाल स्फोटक, दोन्ही आकडे अहवालात यावेत. हा दुसरा आकडाच महत्त्वाचा. हादरा ठरतो तो एका क्षणी किती किलो फुटलं आणि घर किती लांब आहे यावर. मोजणीच्या दिवशी लहान बार उडवला तर आकडा छान येतो आणि दुसऱ्या दिवशी भिंती पुन्हा हलतात. नागपुरात केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचं केंद्र आहे, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत खाणकामाचा विभाग आहे. अशा तटस्थ संस्थेकडून आणि खाणीच्या खर्चानं मोजणी व्हावी, असं अर्जात म्हणा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. इथं आपले लोक सवयीनं १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवतात. राज्याच्या कार्यालयात ते चालतं. महानिदेशालय किंवा वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) केंद्राचं, तिथं १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, नाहीतर अर्ज परत. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, पण दाखल्याची प्रत लावावीच लागते. अर्ज मराठीत चालतो, कलम ६ मध्ये राज्याची राजभाषा स्पष्ट लिहिली आहे. सिमेंट कंपनीची खाण खाजगी आहे म्हणून माहिती मिळणार नाही असं कोणी म्हटलं, तर तिच्या ब्लास्टिंगच्या परवानगीची, त्यातल्या अटींची आणि कंपनाच्या अहवालांची प्रत महानिदेशालयाकडूनच मागा.

मुदत मात्र नीट मोजा. ३० दिवस अर्ज त्यांच्याकडं पोचल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही. उत्तर आलं तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील. उत्तर आलंच नाही, तर ते ३० दिवस संपले की अपिलाचे ३० दिवस आपोआप सुरू होतात. वणी तालुक्यातले एक म्हातारेबुवा उत्तराची वाट पाहत चार महिने बसले, उत्तर आल्याशिवाय अपील कसं करायचं म्हणून. उशीर झालाच असेल तर कारण लिहून अपील द्या. आजारपण, अतिवृष्टी, जे खरं असेल ते. योग्य कारण असेल तर अपील अधिकाऱ्याला ते दाखल करून घेता येतं.

मोजणीची तारीख कळली की त्या दिवशी निंदणाला, कापूस वेचायला जाऊ नका, घरी थांबा. यंत्र कुठं बसवलं त्याचा फोटो घ्या, बार झाल्यावर पडद्यावरचा आकडाही फोटोत येऊ द्या. पंचनाम्यावर सही मागितली तर आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. कोऱ्या जागेवर सही नाही. पंचनाम्यात यंत्राची जागा आणि वेळ लिहिलेली नसेल, तर सहीच्या वर आपल्या हातानं ‘यंत्र माझ्या घरापासून इतक्या फुटांवर होते’ असं लिहून मगच सही करा.