उत्तराबरोबर प्रश्नही लिहा

कारखान्यात अपघात झाला की जखमीला दवाखान्यात हलवतात, मशीन बंद करतात आणि कोणीतरी वही उघडून शेजारच्या कामगारांना विचारू लागतं. वहीत उत्तरं नेमाने उतरतात. प्रश्न मात्र सहसा कोणी लिहीत नाही. माझ्या मते चौकशीच्या नोंदींतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींच्या चित्रफिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला. गाड्या 'जोरात आदळल्या तेव्हा' वेग किती होता, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी ४० मैलांच्या वर. 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' असं विचारलं, तर ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी 'जोरात आदळल्या' हे शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले. ज्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नव्हतं, अशा ५० जणांत असे फक्त ६ होते.

ते खोटं बोलत नव्हते. प्रसंग आठवताना मेंदू तो नव्याने जुळवतो आणि त्या जुळवणीत नंतर कानावर पडलेलंही मिसळतं. म्हणून साक्षीदार चहाला एकत्र बसून बोलण्याआधी प्रत्येकाशी वेगळं बोललेलं बरं.

समजा, पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे वरून खाली येणाऱ्या जड ठोकळ्याने (रॅमने) पत्रा दाबणाऱ्या मशीनमध्ये, ऑपरेटरचा हात सापडला. हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या आडोशाबद्दल, म्हणजे गार्डबद्दल, हेल्परला विचारलं, "गार्ड काढलेलाच होता ना?" घाबरलेला पोरगा म्हणतो, "हो साहेब." वहीत येतं: 'गार्ड नव्हता, हेल्परने पाहिलं.' महिन्याभराने हे उत्तर त्याच्या तोंडी कोणी घातलं, ते कळायला मार्ग उरत नाही. त्याऐवजी विचारा, "तू कुठे होतास? सुरुवातीपासून सांग." मग मधे न तोडता ऐका आणि त्याच्याच शब्दांत लिहा: "मी ट्रॉली लावत होतो. ओरडणं ऐकून वळलो, तेव्हा रॅम वर गेला होता." म्हणजे हात सापडताना त्याने पाहिलंच नव्हतं! रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८०च्या दशकात साक्षीदारांशी बोलण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही साक्षीदाराला सलग बोलू देण्यावर भर आहे.

'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' ही नोंद नव्हे, तो निवाडा झाला. 'गार्डच्या चार बोल्टांपैकी दोन जागेवर नाहीत, दोन्ही टूल ट्रॉलीवर सापडले' ही नोंद. ती वाचली की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: बोल्ट कोणी काढले? डाय (साचा) बदलताना? मग परत का बसवले नाहीत? निष्काळजीपणा लिहिला की चौकशी तिथेच थांबते आणि तोच प्रेस उद्या दुसऱ्याचा हात घेतो.

वेळेचंही असंच. सीसीटीव्हीचं घड्याळ, मशीनच्या पॅनेलवरचं आणि भिंतीवरचं जुळेलच असं नाही. तिन्हींसमोर मोबाईल धरून फरक टिपून ठेवा, नाहीतर आधी काय घडलं आणि नंतर काय, याचीच उलटापालट होते.

आणि चौकशी करणाऱ्याची स्मृतीही साक्षीदारासारखीच. प्रत्येक नोंदीवर लिहिल्याची वेळ टाका. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या मजकुरापुढे 'नंतर आठवून लिहिलं' असं स्पष्ट नमूद करा. चूक झाली तर खाली काय होतं ते वाचता येईल अशी एकच रेघ मारून बाजूला सही करा.